तीनची घंटा

साळूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. शेजारणीकडे विरजण मागायचं तरी त्या दहादा विचार करायच्या. आणि वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी एकदाच मागायला तोंड उघडलं, तर थेट गुड फ्रायडेचा पाचवा शब्दच मागून बसल्या.

हे सात शब्द काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. ख्रिस्त वधस्तंभावर सात वेळा बोलला. त्याची आठवण म्हणून गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये सातजण एकामागून एक उभे राहतात. एकेकानं एकेका शब्दावर बोलायचं, मधे गीत, मधे प्रार्थना. पहिला शब्द क्षमेचा, तिसरा आईला मुलगा सोपवण्याचा, चौथा देवानं टाकून दिल्याच्या दुःखाचा आणि पाचवा तहानेचा. तीनच्या ठोक्याला चर्चची घंटा वाजते. तेहतीस टोले, ख्रिस्ताच्या वयाइतके. पहिला टोला पडला की बोलणं बंद, मग पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या उंच कट्ट्यावर, कुणी का उभा असेना. टोले संपले की मंडळी एकमेकांशी चकार शब्द न बोलता घरी जाते. नाशिकच्या शरणपूर भागातल्या त्या जुन्या चर्चमध्ये हा रिवाज कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

तर यंदा ईस्टरच्या महिनाभर आधी पाळकबाई साळूबाईंकडे यादी घेऊन आल्या. पाळकबाई म्हणजे रूपाली. चर्चला मिळालेल्या पहिल्या बाई पाळक. वय अडतीस, अंगावर पांढरा झगा, झग्याखाली स्पोर्ट्सचे बूट. त्या आल्या तेव्हा चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती, पण दीड वर्षात त्याच म्हाताऱ्यांच्या घरी त्यांचा चहा रोजचा होऊन बसला होता.

"मावशी, तुम्हाला तिसरा शब्द दिलाय," रूपाली म्हणाल्या. "आईचा. दर वर्षी बायकांना तोच देतात ना?"

साळूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तिसरा नको. पाचवा द्या."

"पाचवा का?"

"द्यायचा तर तो द्या. नाहीतर राहू द्या."

रूपालींनी पेन काढलं आणि यादीत एक नाव खोडून दुसरं लिहिलं. एवढं सोपं होतं. साळूबाईंना धक्काच बसला. एवढं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं गप्प का बसलो, हे त्यांना उमजेना.

साळूबाई बायबलबाई होत्या. आता ही नोकरी उरलेली नाही आणि तरुण पोरींना हा शब्दही माहीत नाही. बायबलबाई म्हणजे खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र म्हणजे बायबल, चित्रांचे तक्ते, दोन भाकरी, आणि पायात टिकेल ती चप्पल. एसटीनं पेठ नाहीतर हरसूल गाठायचं आणि तिथून पाड्यापाड्यानं चालायचं. बायांना अक्षर शिकवायचं, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, गाणं म्हणायचं, ख्रिस्ताची गोष्ट सांगायची. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. ओसरीवर बसून त्या जेवढं बोलल्या तेवढं दहा पाळक मिळून बोलले नसतील. पण पुलपिटाच्या त्या चार पायऱ्या? त्या त्यांनी एक दिवस सोडला तर फक्त झाडून पाहिल्या होत्या.

त्याला कारण सावळीराम. साळूबाईंचे यजमान सावळीराम चर्चचे राखणदार होते. झाडलोट, दिवाबत्ती, बाकं पुसणं, आणि मुख्य म्हणजे घंटा. साळूबाई दौऱ्यावर नसल्या की झाडलोटीला हात लावायच्या, पण घंटेच्या दोराला सावळीराम कुणाला शिवू देत नसत. मनगटावर चावीचं घड्याळ, ते रोज रेडिओच्या बातम्यांना लावायचं, आणि मिनिट काटा जागेवर आला की दोर ओढायचा. वडील वारले त्या सकाळीसुद्धा सातची घंटा सातलाच झाली. ती वाजवून मग हे गावाकडे निघाले. लोक हसायचे. म्हणायचे, सावळीरामची घंटा चुकली तर समजायचं सूर्यच उशिरा उगवला. सावळीरामांना ते हसणं गोड लागायचं. गरीब माणसाकडे मिरवायला काहीतरी लागतं, आणि त्यांच्याकडे ते होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या पाळकसाहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी गुड फ्रायडेचा पाचवा शब्द साळूबाईंना दिला. बाईमाणसानं पुलपिटावर चढण्याची ती पहिलीच वेळ. साळूबाईंना भीतीही वाटत होती आणि आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. महिनाभर त्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता बोलायच्या. सावळीराम उंबऱ्यावर बसून ऐकायचे.

"किती झाली?" शेवटची भाकरी टाकता टाकता साळूबाईंनी विचारलं.

सावळीरामांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "सात मिनिटं."

"वीस दिलीत त्यांनी."

"सात पुरेत. पाण्याबद्दल बोलायचं तर पाल्हाळ कशाला?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. तिसऱ्या दिवशीही सात. सावळीरामांना त्याचं फार कौतुक. "तुझं पण घंटेसारखं आहे गं," ते म्हणाले. नवऱ्याच्या तोंडून आलेलं इतकं मोठं कौतुक साळूबाईंनी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही.

मग गुड फ्रायडे आला, आणि चौथ्या शब्दाला उभे राहिले मल्हारी मास्तर.

मल्हारी मास्तर घोटीच्या शाळेचे हेडमास्तर. माणूस विद्वान, याबद्दल वाद नाही. मूळ ग्रीक शब्द काय होता, कुठल्या शतकात कुठल्या धर्मपंडितानं त्याचा काय अर्थ लावला, आणि तो कसा चुकला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. चौथा शब्द वर्षानुवर्षं त्यांचाच. पण देवानं टाकून दिल्याच्या दुःखावर ते बोलायला लागले की तासाभरानं मंडळीला वाटायचं, आपल्यालाच कुणीतरी टाकून गेलंय. त्या वर्षी तर आधीच्या तिघांनीही हात आखडता घेतला नव्हता. मास्तर खाली बसले तेव्हा तीनला तीन मिनिटं कमी होती.

पाळकसाहेबांनी साळूबाईंना मानेनंच खूण केली. साळूबाई चार पायऱ्या चढल्या. शब्द वाचला, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "पेठच्या पुढे एक पाडा आहे."

आणि घंटा झाली.

दोर ओसरीत, जाड भिंतीपलीकडे. सावळीरामांना आतलं काही दिसत नसे, की धड ऐकू येत नसे. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दोर ओढला, रोज ओढत तसाच. आत पाळकसाहेबांनी उरलेले दोन शब्द टोल्यांमध्येच ओठांतल्या ओठांत वाचून टाकले. मंडळी गुडघ्यावर आली. साळूबाई मात्र वरच राहिल्या. उतरावं की थांबावं हे त्यांना सुचेना. तेहतीस टोले त्या पुलपिटाची कड धरून उभ्या होत्या. मग सगळे मुकाट उठून गेले, रिवाजच तसा, आणि कुणी त्यांना एक शब्दही बोललं नाही.

सावळीरामांना संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. घरी येऊन ते मोरीशी बराच वेळ पाय धूत बसले.

"तीन वाजले होते, साळू," ते म्हणाले.

"हो," साळूबाई म्हणाल्या.

संपलं. या विषयावर नवराबायकोचं झालेलं सगळं बोलणं एवढंच.

साळूबाईंना राग आला होता का? आला होता तर. पण कुणाचा ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. मास्तर बोलले ही त्यांची जुनी खोड. सावळीराम तर आपल्या कामाला चुकले नाहीत. तरी मनात कुठेतरी वाटत राहायचं की यांनी एकदा काहीतरी म्हणावं. काय म्हणावं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी पाळकसाहेबांची बदली झाली. नव्यांनी बायकांना तिसरा शब्द द्यायचा प्रघात पाडला, आणि तो महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे जायचा. साळूबाईंनी मागितलं नाही. मागणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मंडळीनं मात्र त्या वर्षीचा धडा घेतला. मास्तरांची वीस मिनिटं झाली की मागच्या बाकावरचा चर्चचा एक धट्टाकट्टा कारभारी उठून त्यांच्या कोटाला मागून झटका द्यायचा. मग सातवा शब्द तीनच्या आत संपायचा, सगळे गुडघ्यावर यायचे आणि घंटेची वाट बघत शांत बसायचे. त्या शांततेत साळूबाई डोळे मिटून आपलं ते राहिलेलं बोलणं मनातल्या मनात बोलायच्या. पेठच्या पुढे एक पाडा आहे, इथपासून शेवटपर्यंत. दर वर्षी. ते एकदा पूर्ण झालं की त्यांना बरं वाटायचं.

वर्षं गेली. चर्च बदललं. पेटी आणि टाळ कपाटात गेले, ड्रम आला, कीबोर्ड आला, भिंतीवर पडदा आला. गाण्यांचे शब्द पडद्यावर, निम्मी गाणी हिंदीत. साळूबाईंना त्याचा राग नव्हता. पोरं मनापासून गातात हे त्यांना दिसत होतं. फक्त एखाद्या रविवारी जुन्या भजनाची चाल आठवायची, टाळाचा तो ठेका आठवायचा, आणि मग दिवसभर कशात जीव लागायचा नाही. सावळीरामांचंही वय झालं होतं. खांदा दुखायचा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला असलेला त्यांचा भाचा मनोज सुटीच्या दिवशी येऊन दोर ओढायला मदत करू लागला. गुड फ्रायडेची घंटा मागे पडते हे तर हल्ली सगळ्यांच्याच लक्षात येत होतं. साळूबाईंनी एकदा घरी टोमणा मारलाच.

"रोजची घंटा वेळेवर, आणि मोठ्या दिवसाची तेवढी उशिरा? म्हातारे झालात."

"दोर अडकतो," सावळीराम म्हणाले. मग म्हणाले, "म्हातारा तर झालोच."

सहा वर्षांपूर्वी श्रावणात ते गेले. सातची घंटा वाजवून घरी आले, चहा घेतला, भिंतीला टेकले आणि गेले. साळूबाईंनी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून आपल्या हाताला बांधलं. ते सैल होतं, अजूनही सैलच आहे. रोज सकाळी त्या त्याला चावी देतात. आणि रोज सकाळी त्यांना वाटतं, यांच्या हयातीत आपण तो शब्द बोलायला हवा होता. भिंतीपलीकडे का होईना, यांनी ऐकायला हवा होता. आता बोलून तरी कुणाला ऐकवायचं? असं वाटायचं, आणि तरीही बोलायचं होतंच. म्हणून त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मागितलं.

गुड फ्रायडेला एप्रिलचं ऊन नुसतं जाळत होतं. साळूबाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. रूपालींनी दोनदा सांगून पाहिलं, मावशी, या वयात उपासाला पाणी चालतं. साळूबाई हसल्या फक्त. आत जाताना चर्चच्या ओसरीत मनोज भेटला.

"मामी, पाचवा शब्द ना तुमचा आज?"

"मिळाला तर," साळूबाई म्हणाल्या. "आणि हे बघ, घंटा वेळेवर होऊ दे. मामांनंतर तू पण ढिला पडलायस."

मनोजनं मान खाली घातली आणि दोराची गाठ तपासू लागला.

आता रूपालींनी यंदा एक सुधारणा केली होती. कोटाला झटका देण्याची ती पद्धत त्यांना मुळीच पसंत नव्हती. ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा भर चर्चमध्ये अपमान कशाला? त्यांनी तरुण मंडळींकडून मागच्या भिंतीवर एक छोटा पडदा बसवून घेतला. बोलणाऱ्याला समोर दिसेल असा. त्यावर मिनिटं उलटी मोजली जायची. वेळ संपली की पडदा लाल. कुणी कुणाला हात लावायला नको, सगळं सभ्यपणानं. आणि पहिल्या तिघांना ते जमलंही, जरा मागेपुढे होऊन.

मग मल्हारी मास्तर उठले. काठी टेकत पुलपिटावर चढले, चष्मा पुसला आणि सुरू झाले. ग्रीक शब्द आला, चौथं शतक आलं, पंधरावं आलं. पडदा लाल झाला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, जरा थांबले आणि पुढे बोलू लागले. सव्वादोन झाले. रूपाली पहिल्या बाकावरून हात जोडून पाहू लागल्या. मास्तरांना वाटलं, बाई भक्तीत तल्लीन झाल्या आहेत. त्यांचा आवाज आणखी चढला. मागच्या बाकावरचा कारभारी दोनदा उठू लागला आणि दोनदा रूपालींनी डोळ्यांनी त्याला खाली बसवलं. अडीच. पावणेतीन. साळूबाई दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर शास्त्र, त्यावर हात, हातावर ते सैल घड्याळ. काटा बघायचा नाही असं ठरवूनही नजर जात होतीच. त्यांना स्वतःचंच हसू येत होतं. सत्तावीस वर्षांनी तोच माणूस, तोच शब्द, तीच दुपार.

मास्तर खाली उतरले तेव्हा तीनला दोन मिनिटं होती. "तो लाल पडदा फार समर्पक वाटला," ते बसता बसता शेजाऱ्याला म्हणाले. "गुड फ्रायडेसाठी लावलाय वाटतं."

रूपाली साळूबाईंजवळ येऊन वाकल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मावशी, चूक माझी आहे. फक्त वाचून घ्याल का? पुढच्या वर्षी पहिला नंबर तुमचा."

पुढच्या वर्षी. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला पुढचं वर्ष कोण देतं? पण साळूबाई म्हणाल्या, "वाचते."

त्या चार पायऱ्या चढल्या. गुडघे दुखत होते. शब्द वाचला, हळू, जिभेला कोरड पडली होती. आता उतरायचं. समोर शंभर-सव्वाशे चेहरे, पंखे फिरत होते. उतरायचं सोडून त्यांच्या तोंडून ते वाक्य आपोआप निघालं.

"पेठच्या पुढे एक पाडा आहे."

आणि त्या थांबल्या. सवयीनं थांबल्या. त्यांना माहीत होतं आता काय होणार ते. त्यांनी पुलपिटाची कड धरली.

घंटा झाली नाही.

त्यांनी मनगटाकडे पाहिलं. तीन वाजले होते. वाजून काटा पुढे सरकत होता. मनोज झोपलाय की काय, त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, जे सत्तावीस वर्षांत मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

"तिथं नवसाबाई नावाची एक बाई राहायची. चैत्राचा महिना होता. मी सकाळपासून चाललेले. तेव्हा मी तरणी होते, आणि मला वाटायचं की मी त्या लोकांकडे जीवनाचं पाणी घेऊन चाललेय. ओसरीवर टेकले आणि तिला म्हटलं, बाई, जरा पाणी दे. ती म्हणाली, 'बस गं बाय, लय लांबून आलीस.' आत गेली आणि पेला भरून आणलं. मी घटाघटा प्यायले. आणखी मागितलं. तिनं आणखी आणलं. मग मी तक्ते मांडले आणि विहिरीवर पाणी मागणाऱ्या ख्रिस्ताची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. सगळ्या बाया गप्प बसून ऐकत होत्या.

"निघताना मी हात धुवायला आत गेले. हंडा पालथा होता. कोपऱ्यात तिची पोर बसली होती, पाच-सहा वर्षांची, ओठ सुकलेले. मी विचारलं, पाणी कुठं भरता? नवसाबाईनं खालचा ओहोळ दाखवला. कोरडा. त्यात एक खड्डा. पहाटे उठून तिथं बसायचं, पाझरेल ते वाटीनं हंड्यात भरायचं. उन्हं वर आली की पाझर थांबतो. उद्या पहाटेपर्यंत पाणी नाही. ते सगळं मी प्यायले होते. 'आगं, व्हतंय,' ती म्हणाली. 'तू पावणी हायेस.'

"मी तिथून पळाले म्हणा ना. पुढे दोन उन्हाळ्यांनी पुन्हा गेले तर ती माणसं कामाला बागायती भागाकडे गेलेली. मला ती परत भेटली नाही. पोरीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. ख्रिस्ताचं नाव सांगायची मला एवढी घाई.

"मी शिकलेली नाही. मास्तरांसारखं मला मूळचा शब्द माहीत नाही. पण एवढं वाटतं, की आपण इतकी वर्षं लोकांना द्यायलाच निघालो. शाळा दिली, औषध दिलं, शब्द दिला. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि आपल्याला ते आवडायला लागलं. आणि आपला देव? तो मरताना मागत होता. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्याकडे मागत होता. त्याला लाज वाटली नाही. मला मात्र आयुष्यभर मागायची लाज वाटली, आणि एकदाच मागितलं ते एका पोरीच्या तोंडचं मागितलं. ती पोर आता पन्नाशीच्या घरात असेल. कुठं असेल तिथं तिला कुणीतरी पाणी द्यावं, एवढंच माझं मागणं आहे. आमेन."

मल्हारी मास्तर चष्मा काढून बसले होते. साळूबाई एकेक पायरी उतरल्या. रूपालींनी पुढे होऊन उरलेले दोन शब्द वाचले, नुसते वाचले, आणि मंडळी गुडघ्यावर आली. मग पहिला टोला पडला.

तेहतिसावा विरल्यावर लोक रिवाजाप्रमाणे मुकाट बाहेर पडले. काहींनी जाता जाता साळूबाईंच्या खांद्याला हात लावला. साळूबाई ओसरीत थांबल्या. सगळे जाईपर्यंत थांबल्या. मनोज दोर खुंटीला गुंडाळत होता. आजच्या दिवशी घरी पोचेपर्यंत बोलायचं नसतं, पण साळूबाई बोलल्या.

"मनोज, सात मिनिटं उशीर केलास."

"हो मामी." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "झालं का बोलून?"

"झालं. मी बोलतेय ते ऐकलंस, म्हणून थांबलास होय?"

"इथं कुठं ऐकू येतं? एवढी जाड भिंत."

"मग?"

मनोज दोर गुंडाळायचा थांबला. चाळिशीचा बाप्या, पण चोरी पकडल्यासारखं सांगू लागला. "दर गुड फ्रायडेला सात मिनिटं थांबतो, मामी. मामांनी तसंच शिकवलंय. ते पण थांबायचे. मला दोर धरायला दिला त्याच्या कितीतरी आधीपासून. तीन वाजले की दोर हातात घ्यायचे आणि घड्याळ बघत नुसते उभे राहायचे. दोनदा पाळकसाहेब रागावले, तर दोर अडकतो म्हणून सांगायचे."

"सात का?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, तिला तेवढीच लागतात. तिचं बोलून होऊ दे." त्यानं दोर खुंटीला अडकवला. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले होते. ती बोलली तर मग सांग म्हणाले. आज बोललात तुम्ही."

साळूबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. ती शांतता, गुडघ्यावर बसलेली ती सगळी मंडळी, मिटलेले डोळे, पेठच्या पुढचा तो पाडा, आणि त्यांचं शेवटचं वाक्य संपलं की पडणारा टोला. वर्षानुवर्षं त्यांना वाटलं होतं की आपलंच बोलणं कसं बरोबर वेळेत बसतं. आणि घरी जाऊन त्यांनी त्या माणसाला म्हटलं होतं, म्हातारे झालात. ज्याची घंटा बापाच्या मरणालाही चुकली नाही, तो वीस वर्षं बायकोसाठी भर गुड फ्रायडेला चुकत राहिला, लोकांचं ऐकून घेत राहिला, तिचंही ऐकून घेतलं. आणि आपण वाट बघत होतो की हा एकदा तरी काही म्हणेल.

त्या रडल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, खूप वेळ रडल्या. मनोज बाजूला उभा राहिला. मग त्यानं आपल्या डब्याच्या पिशवीतली बाटली काढून पुढे केली.

"मामी, पाणी प्या. उपास सुटला."

साळूबाईंनी दोन घोट घेतले आणि बाटली त्याला परत दिली. "तू पण पी. सकाळपासून उभा आहेस." तो प्यायला. मग त्या उठल्या, खुंटीपाशी गेल्या आणि त्यांनी दोराला हात लावला. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. जिथं रोज हात पडायचे तिथं तो गुळगुळीत आणि काळा पडला होता. त्यांनी तिथं मूठ धरली.

"झालं हो माझं बोलून," त्या म्हणाल्या. "सातच मिनिटं लागली."